बुलेट ३५० ला ५०० चा ब्लॉक-पिस्टन : नेमकं काय काय बदलावं लागतं?

जुनी_धकधक
नमस्कार मंडळी. गाडी १९७३ ची कास्ट आयर्न बुलेट, ३५० सीसी. ब्लॉकचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) +६० थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाऊन संपलाय, भिंतीवर वरच्या बाजूला कड पडलीय, धूर आहे. म्हणजे ब्लॉकचं काहीतरी करावंच लागणार. मिस्त्री म्हणतो, खर्च करायचाच आहे तर ५०० चा ब्लॉक, पिस्टन आणि हेड टाका, खालचं इंजिन तसंच राहू द्या, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) दोन्हींचा एकच आहे. वापर : शहरात थोडा, बाकी दोघं बसून अमरावती, परतवाडा करत चिखलदरा. घाटात दम हवा.
खालचं इंजिन खरंच तसंच ठेवता येतं का? कोणकोणते पार्ट बदलावे लागतात आणि फसतं कुठे? नेमकी मापं असतील तर द्या.

वऱ्हाडी_टॅपेट
टाका भाऊ, बिनधास्त टाका. घाटात दुसरा गिअर टाकायची पाळी नाही येत.

खराद_हिंगणा
मिस्त्री अर्धं बरोबर सांगतोय. ३५० चा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. ५०० चा बोअर ८४, स्ट्रोक तोच ९०, म्हणजे ४९९ सीसी. रेडिचच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मूळ कारखान्याच्या काळापासून ही मापं अशीच आहेत, म्हणूनच ही अदलाबदल सुचते. पण "ब्लॉक काढला, ब्लॉक बसवला" असं ते काम नाही.
पहिली अडचण क्रँककेसच्या तोंडाची. ब्लॉकचा जो गळा खाली केसमध्ये उतरतो तो ५०० चा जाड असतो, ३५० च्या केसमध्ये जात नाही. तोंड बोअर करून मोठं करावं लागतं. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलून केसचे दोन्ही अर्धे रिकामे करायचे, सगळे बोल्ट लावून एकत्र कसायचे आणि उभ्या बोरिंग मशीनवर किंवा मिलिंगवर घ्यायचे. साध्या लेथवर फेसप्लेटला बांधून करणारे आहेत, पण तिथे केंद्र सरकण्याची भीती मोठी.
डायल गेज लावून जुन्या तोंडाचं केंद्र धरा, आणि ब्लॉक टेकतो तो पृष्ठभाग क्रँकच्या अक्षाशी समांतर आहे का तेही तपासा. तोंड एका बाजूला गेलं की गळा केसला घासतो. पृष्ठभाग तिरका असला तर पिस्टन एका भिंतीला खात राहतो. गळ्याभोवती चारी बाजूंनी साधारण ०.१० मिमी मोकळीक ठेवा, घट्ट बसवू नका.
बोअर करायच्या आधी स्टडच्या भोकांपर्यंत किती धातू उरतो ते व्हर्नियरने मोजा आणि कागदावर काढा. जुन्या केसमध्ये कुणी स्टडची भोकं मोठी करून बुश टाकलेले असतात, तिथे भिंत आधीच पातळ झालेली असते.

सदर_किकस्टार्ट
आणि बोरिंगनंतरचा बुरादा! ॲल्युमिनियमचा कीस तेलाच्या वाटांमध्ये जाऊन बसतो. केस रॉकेलने धुऊन भागत नाही. प्रत्येक तेलाच्या भोकातून हवा मारायची, मग पेट्रोल, मग परत हवा. बुलेटचा ऑइल पंप प्लंजरचा आहे. एक कण अडकला तरी प्लंजर आणि पंपाची बॉडी ओरखडते आणि दाब गेला. बोअर करताना मेन बेअरिंगच्या जागा आणि तेलाची भोकं कापडाने, ग्रीस लावून बुजवा, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

चेनस्प्रॉकेट
केसपेक्षा मला बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) जास्त काळजी वाटते, आणि त्यावर मिस्त्री लोक बोलतच नाहीत.
पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ बोअरच्या वर्गाने वाढतं. ८४ भागिले ७०, त्याचा वर्ग : १.४४. म्हणजे सिलिंडरमधला दाब तेवढाच धरला तरी प्रत्येक स्फोटाला बिग एंडवर ४४ टक्के जास्त जोर येतो. त्यात पिस्टन जड, त्यामुळे टीडीसीला (पिस्टन अगदी वर पोचतो तिथे) झटकाही जास्त. आणि या जुन्या बुलेटच्या बिग एंडमध्ये फ्लोटिंग बुश आहे. तो सगळा तेलाच्या थरावर तरंगतो. तेल पातळ झालं किंवा कमी पडलं की बुशच्या पृष्ठभागावरचा मऊ धातू उचलला जातो, आणि एकदा तो सुटायला लागला की आवाज येईपर्यंत काम संपलेलं असतं.
आता यात नागपूरचा मे महिना घाला. हवाच ४५ अंश, वर्धा रोडवर दुपारी चाललेलं इंजिन, खाली तापलेलं डांबर. तेलाच्या थराची परीक्षा आपल्याकडे जेवढी होते तेवढी क्वचितच कुठे होत असेल.
तेव्हा "खालचं तसंच ठेवा" हे मला अजिबात मान्य नाही. एकतर नवा फ्लोटिंग बुश, नवी क्रँकपिन आणि जास्त तेल देणारा ऑइल पंप, नाहीतर रोलर बेअरिंगचा बिग एंड. वरचं ५०० आणि खाली पन्नास वर्षांचा बुश, अशी गाडी काढूच नका.

वऱ्हाडी_टॅपेट
ताई, इतकं घाबरायचं काही नाही जी. ५०० मध्येही कंपनीचा फ्लोटिंग बुशच होता.

चेनस्प्रॉकेट
बरोबर, होता. पण तो नव्या मापाचा, योग्य मोकळीक ठेवून बसवलेला होता, आणि समोरचा फ्लायव्हील-सेट त्या पिस्टनच्या वजनाला जुळवलेला होता. मुद्दा बुशच्या जातीचा नाही, अवस्थेचा आहे. रॉड वर-खाली ओढून बघा : उभा खेळ हाताला जाणवला की बुश गेला. बाजूचा खेळ थोडा असतोच, त्याला घाबरू नका.

कस्तूरचंद_पार्क
बॅलन्सचं कुणीतरी नीट लिहा, तिथेच बहुतेक गाड्या बिघडतात. हँडल आणि फूटरेस्ट इतके थरथरतात की चालवणं नको होतं.

खराद_हिंगणा
लिहितो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून वर-खाली होणारं वजन. त्याचा काही टक्के भाग फ्लायव्हीलच्या समोरच्या बाजूच्या जादा वजनाने सावरलेला असतो, तो बॅलन्स फॅक्टर. साधारण ५० ते ६५ टक्क्यांत असतो.
समजा वर-खाली होणारं वजन ४५० ग्रॅम आणि फ्लायव्हीलचं जादा वजन २७० ग्रॅम. फॅक्टर ६० टक्के. आता पिस्टन बदलून तेच वजन ६०० ग्रॅम झालं, फ्लायव्हील तसंच : २७० भागिले ६००, म्हणजे ४५ टक्के. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या पार्टचं वजन तुम्ही काट्यावर करा. दागिन्यांच्या दुकानातला काटा मिळाला तर उत्तम, एक ग्रॅमपर्यंत कळतं.
फॅक्टर घसरला तर क्रँकपिनच्या बाजूला फ्लायव्हीलला भोकं पाडून तिकडचं वजन कमी करतात, दोन्ही फ्लायव्हीलला सारखंच. सोपा मार्ग म्हणजे ५०० चा पूर्ण क्रँक, रॉडसकट. तो घेतलात तर पिन आणि स्मॉल एंड (रॉडचं पिस्टनकडचं टोक) बुश जुळण्याचा प्रश्नही मिटतो. जुनाच रॉड ठेवणार असाल तर पिनचा व्यास आणि स्मॉल एंडची रुंदी दोन्ही मोजल्याशिवाय पिस्टनचे पैसे देऊ नका.
क्रँक प्रेस केल्यावर दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल लावायचा. दोन थाऊच्या आत, म्हणजे ०.०५ मिमीच्या आत आला पाहिजे. "हातोड्याने बरोबर केला" एवढं ऐकून क्रँक घरी आणू नका, डायल समोर फिरवून दाखवायला सांगा.

संत्रा_गल्ली
एक भाबडा प्रश्न. ३५० चाच ब्लॉक अजून मोठा बोअर केला तर? हेड पण जुनंच राहील.

खराद_हिंगणा
नाही होत. +६० थाऊ म्हणजे दीड मिलिमीटर, बोअर ७१.५, सीसी फक्त ३६१. ३५० चा बिडाचा ब्लॉक नुसता बोअर करत त्यापुढे जाता येत नाही. ८४ तर स्वप्नातही नाही.
आणि जुन्या हेडचा हिशोबही पाहा. ३५० चं कॉम्प्रेशन ६.५ धरलं तर ३४६ ला साडेपाचने भागून जळण्याच्या जागेचं आकारमान ६३ सीसी येतं. तेवढ्याच जागेवर ४९९ सीसीचा सिलिंडर आला की कॉम्प्रेशन ९ च्या जवळ जातं. उन्हाळ्यात त्या जुन्या हेडला ते झेपत नाही, चढावर नॉकिंग करणार. व्हॉल्व्हही त्या हवेला लहान पडतात. हेड ५०० चंच लागतं.

पाटणसावंगी
८७ मिमीचा पिस्टन टाकून ५३५ सीसी पण करतात ना? ८७ आणि ९० चा हिशोब बरोबर ५३५ येतो.

सदर_किकस्टार्ट
करतात. पण तो पूर्ण ५०० च्या इंजिनावर, चांगला क्रँक आणि चांगला पंप असताना. १९७३ च्या केसवर ते करायचं म्हणजे तोंडाभोवतीचा धातू आणखी कमी. नको.

वऱ्हाडी_टॅपेट
बसवण्याची मापं मी देतो, मग कोणी म्हणू नये की नुसतं "टाका" म्हणतो.
रिंगचा गॅप : रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला, फीलर गेजने मोजा. ८४ च्या बोअरला ०.३० ते ०.४० मिमी. कमी असला तर बारीक कानशीने घासा, टोकं चौकोनी ठेवा. आपल्याकडे कमी गॅप ठेवायचाच नाही, तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. पिस्टनची मोकळीक पिस्टनबरोबर आलेल्या कागदाप्रमाणे, आणि माप पिनला काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागावर घ्यायचं. बरेच बोरिंगवाले वरच्या बाजूला मोजतात. पिस्टन वर बारीक असतो, त्यामुळे बोअर घट्ट राहतो आणि पहिल्याच लांब पल्ल्यात पिस्टन पकडतो. होनिंगच्या रेषा तिरक्या एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात, काचेसारखा गुळगुळीत बोअर रिंगांना बसू देत नाही.
हेड लावायच्या आधी पिस्टनवर मळलेल्या कणकेचा पातळ थर द्या, व्हॉल्व्हखाली. हेड कसा, पुशरॉड लावा, किकने हळू दोन फेऱ्या फिरवा, हेड काढा, कणीक कापून जाडी मोजा. इनलेटला दीड मिमी, एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी नको. पुशरॉड नव्या हेडबरोबरचेच वापरा, ३५० चे जपून ठेवा.
टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन टीडीसीला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद : पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली खेळ नको. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. ठिणगीचं टायमिंग फुल रिटार्डला टीडीसीच्या आधी ०.८ मिमी. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून पूर्ण थंड झालं की हेडच्या नट परत कसायच्या.

चेनस्प्रॉकेट
टॅपेटभाऊ, हे उत्तम लिहिलंत. कणकेवर थोडं तेल लावा म्हणजे व्हॉल्व्हला चिकटून तुटत नाही.
बाहेरच्या पार्टचं राहिलं. ३५० ला मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर असतो, ५०० ला व्हीएम २८. मेन जेट ११० पासून सुरू करा आणि प्लगचा रंग पाहून पुढे जा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, त्यात इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, तेव्हा एक नंबर मोठा जेट हाताशी ठेवा. पूर्ण थ्रॉटलला थोडा वेळ चालवून तिथेच स्विच बंद करून क्लच दाबा, मग प्लग काढा. घरी येऊन पाहिलेला प्लग फक्त आयडलिंगचा रंग दाखवतो. पांढरा दिसला तर पुढे जाऊच नका. पेट्रोलची जुनी रबरी नळी आणि कॉकचे वॉशरही बदला, ई२० त्यांना फुगवतं.
गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट ३५० ला १६ दातांचा, ५०० ला १७ चा. १७ टाकला की त्याच वेगाला फेरे सुमारे ६ टक्के कमी होतात, महामार्गावर इंजिन निवांत चालतं. क्लच ५०० चा घ्या, ३५० च्या प्लेटा घाटात दोघं बसून घसरतात.
आणि ब्रेक! जुन्या ३५० चा पुढचा ड्रम सहा इंची, एका लीडिंग शूचा. ५०० ला सात इंची, दोन लीडिंग शूचा दिला होता, तो उगाच नव्हे. चिखलदऱ्याच्या उतारावर ती फटफटी थांबवायची आहे. इंजिनाआधी ब्रेकचा विचार करा.

कस्तूरचंद_पार्क
उतारावरून आठवलं, कोणी समृद्धीवरून जायचा विचार करत असाल तर दुचाकीला तिथे बंदी आहे. जुनाच अमरावती रोड.

पाटणसावंगी
अन् कागदपत्रांचं काय? आरसीवर ३४६ लिहिलंय.

आरसी_बुक
हा मुद्दा इतका खाली यायला नको होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीमधली माहिती आणि कंपनीने मूळ दिलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं : परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन नंबर केसवर आहे आणि केस तीच राहणार, म्हणून बाहेरून कळत नाही, हे खरं. पण सीसी बदललेलीच असते.
विमा पाहा. दुचाकीच्या थर्ड पार्टी प्रीमियमचे टप्पे सीसीवर आहेत : ७५ पर्यंत, ७५ ते १५०, १५० ते ३५०, आणि ३५० च्या वर. तुमची गाडी ३४६ म्हणून तिसऱ्या टप्प्यात आहे, ४९९ झाली की चौथ्यात जाते. अपघात झाला, सर्वेयरने ब्लॉक मोजला, तर कंपनी हात वर करू शकते. समोरच्या माणसाची भरपाईही तुमच्याकडून वसूल होऊ शकते.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची गाडी १९७३ ची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. ब्लॉक-हेड बदलून केसचं तोंड कापलंत की तो दरवाजा बंद. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही हेही लक्षात असू द्या, तेव्हा चिखलदरा करायचा असेल तर साधी नोंदणीच बरी. पण पुढे कधी विचार बदलला तर केस अखंड असलेली बरी.

संत्रा_गल्ली
पन्नास वर्षांची केस कापायची म्हणजे जिवावरच येतं. ती परत जोडता येत नाही.

वऱ्हाडी_टॅपेट
मग ५०० चं पूर्ण इंजिन आणा, जुनं इंजिन कपड्यात गुंडाळून ठेवा.

आरसी_बुक
तेव्हा इंजिन नंबर बदलतो. आरटीओची परवानगी आधी लेखी घ्या, मग इंजिन उतरवा. उलट क्रमाने गेलात तर फिटनेसच्या वेळी अडकाल.

जुनी_धकधक
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीला घेऊन मापं काढली. रॉडला उभा खेळ आहे, बुश गेलाय. केसच्या दोन स्टडला आधीच बुश टाकलेले आहेत, एका बाजूला भिंत खूपच पातळ. म्हणजे तोंड कापण्याचा प्रश्न तिथेच संपला. केस अखंड ठेवायची हे नक्की.
तर मूळ प्रश्न थोडा फिरवतो : ३५० च ठेवून ब्लॉकमध्ये स्लीव्ह टाकून परत ७० वर आणायचा, आणि बिग एंड नवा. घाटात दोघांना नेण्याइतका दम त्यातून निघेल का?

चेनस्प्रॉकेट
निघेल, आणि कागदोपत्री फरकही लहानच आहे. ३५० ची ताकद १८ अश्वशक्ती, ५०० ची २२. सीसी ४४ टक्के जास्त असूनही ताकद सुमारे २२ टक्केच वाढते. ५०० चा खरा फायदा खालच्या फेऱ्यांतल्या ओढीचा. तुमची सध्याची गाडी १८ देतच नाहीये. धूर आहे, कड पडलीय, म्हणजे कॉम्प्रेशन गळतंय. बोअर, रिंगा, व्हॉल्व्ह सीट आणि गाइड नीट केलेत तर आत्ताच्या मानाने वेगळीच गाडी वाटेल. ऑटो ॲडव्हान्सच्या (फेऱ्यांप्रमाणे ठिणगी पुढे-मागे करणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर त्या बदला, वजनं मोकळी हलतात का पाहा. घाटात कमी फेऱ्यांवर टायमिंग पुढे राहिलं की नॉकिंग होतं, लोक त्याला ताकदीची कमतरता समजतात. घाटासाठी स्प्रॉकेट १६ चाच ठेवा.

खराद_हिंगणा
स्लीव्हचं काम सांगतो. ब्लॉक आतून बोअर करून घ्यायचा, वरच्या टोकाला कॉलरसाठी पायरी कापायची. स्लीव्ह बाहेरून दोन ते तीन थाऊ जास्त ठेवतात, म्हणजे घट्ट बसते. ब्लॉक भट्टीत किंवा ओव्हनमध्ये सगळीकडून सारखा तापवायचा, गॅसच्या ज्योतीने एका जागी नाही, तसं केलं तर बीड तडकतं. तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड स्लीव्ह एका दमात सोडायची, मध्ये थांबली तर तिथेच धरते. पूर्ण थंड झाल्यावर वरचा चेहरा मशीनवर समतल करून घ्या आणि मगच ७० चा बोअर व होनिंग. कॉलर नसलेली स्लीव्ह स्वीकारू नका, ती तापल्यावर खाली सरकते.
पिस्टन आधी आणा. बोअर पिस्टनला मोजून करायचा, पिस्टन बोअरला शोधायचा नाही.

सदर_किकस्टार्ट
बिग एंड खोलणारच आहात तर पंपाचे दोन्ही प्लंजर आणि बॉडी पाहा, ओरखडे असतील तर जास्त तेल देणारा पंप आत्ताच टाका. टायमिंग कव्हरमधलं फिल्टर नवं. तेल २०डब्ल्यू५०, साधं मिनरल. चालू केल्यावर तेलाच्या टाकीचं झाकण उघडून परतीचं तेल पडताना दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर लगेच बंद. पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढा आणि चुंबक फिरवून पाहा.

जुनी_धकधक
ठरलं. स्लीव्ह, ७० चा पिस्टन, नवी क्रँकपिन-बुश, पंप, व्हॉल्व्हचं काम. खरादभाऊ, स्लीव्ह बसवल्यावर ब्लॉकच्या खालच्या टोकाला ती किती बाहेर ठेवायची?

खराद_हिंगणा
अजिबात नाही. जुन्या ब्लॉकच्या गळ्याची लांबी आधी मोजून ठेवा आणि तेवढीच. जास्त राहिली तर फ्लायव्हीलला लागू शकते. खालच्या कडेला आतून हलका उतार घासून घ्या, रिंगा घालताना अडकणार नाहीत.